जपून ठेवा

प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना आला की पहिलं काम चाळणीचं. तळहाताएवढी, बारीक जाळीची स्टीलची चाळणी. वरून पाणी ओतायचं, खाली उतरेल ते घ्यायचं आणि वर राहील ते नळाखाली धुऊन टाकायचं. जिवाणू इतके लहान असतात की त्या जाळीला त्यांचा पत्ताही लागत नाही. वर राहतो तो कचरा: पानांचे तुकडे, काड्या, शेवाळ, एखादा बेसावध किडा. विभागप्रमुख बाई नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावत, "डोळ्याला दिसलं ना, की ते आपल्या खात्यातलं नाही. बिनदिक्कत धुऊन टाकायचं."

ती तीन वर्षं हे इमानेइतबारे करत आली होती. पदवी होती, स्वतःचं टेबल होतं, तरी संस्थेत तिची ओळख 'नमुनाघरातल्या काकांची मुलगी' अशीच. काका म्हणजे तिचे वडील. तळमजल्यावरच्या नमुनाघरात त्यांची चौतीस वर्षं गेली होती. मासे, खेकडे, साप, दोन डोक्यांचं वासरू, जे येईल ते फॉर्मेलिनच्या बरणीत बुडवायचं, झाकणाला लाख लावायची, वळणदार अक्षरात चिठ्ठी चिकटवायची आणि फळीवर मांडायचं. हजार-बाराशे बरण्यांपैकी कुठलीला बारीकशी फट गेली आहे, हे ते दारात उभे राहून वासावर सांगत. बाई म्हणत, "काकांचं नाक हे संस्थेतलं सर्वात जुनं यंत्र. आणि एकमेव, जे अजून बिघडलेलं नाही."

त्या दिवशी चाळणीवर एक काळं, कुजलेलं पान राहिलं. पानावर पांढरे धागे होते, पापणीच्या केसाएवढे. नळ सुरू होता, तिचा हात अर्ध्या वाटेवर पोचलाही होता. पण बुरशी पानावर पसरते, जाळं विणते, एकमेकांत गुंतते. हे धागे गुंतलेले नव्हते. प्रत्येक जण एका टोकाने पानाला धरून स्वतंत्र उभा होता, जणू एकमेकांशी अबोला धरलेला. शिवाय ते चमकत होते.

तिने नळ बंद केला.

भिंगाखाली धाग्याच्या आत मोत्यासारखे कण दिसले. गंधकाचे. सूक्ष्मदर्शकाखाली तिने एक धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत नेला. मध्ये एकही आडवी भिंत नव्हती. सबंध धागा म्हणजे एकच पेशी. मग तिने डीएनएला धरून निळा चमकणारा रंग घातला. बुरशी असती तर आतली केंद्रकं मोठ्या ठिपक्यांनी उजळली असती. उजळले ते हजारो बारीक ठिपके, केंद्रकापेक्षा कितीतरी लहान. केंद्रक नव्हतंच. आणि ज्या पेशीला केंद्रक नाही, जी धड प्राणी नाही, वनस्पती नाही, बुरशी नाही, ती काय असते हे शाळेतलं पोरही सांगेल.

साधा जिवाणू मिलिमीटरच्या पाचशेव्या हिश्श्याएवढा भरतो. हा एक सेंटिमीटर होता. तिने कागदावर हिशेब मांडून पाहिला. एखादी मुंगी याच प्रमाणात वाढली असती, तर ती पंचवीस मीटर लांब झाली असती.

बाई आल्या, त्यांनी डोळा लावला आणि म्हणाल्या, "बुरशी आहे."

"बाई, आडव्या भिंती नाहीत."

"नसतात काहींना."

"केंद्रकं नाहीत."

"तुझा रंग जुना असेल."

"कालच उघडलाय."

बाईंनी पुन्हा डोळा लावला. या वेळी बराच वेळ लावला. मग चष्मा काढून त्या स्टुलावर बसल्या आणि एकदम निराळ्याच आवाजात म्हणाल्या, "तीस वर्षं मी हे धुऊन टाकायला लावतेय गं."

तिच्याजवळ धागे नऊ होते. चाचण्यांमध्ये दोन आठवड्यांत नऊही खर्ची पडले. बाईंनी ओळखीच्या मोठ्या संस्थेला चित्रं पाठवली. तिथून उत्तर आलं: विश्वास बसत नाही, जिवंत पाठवा. आम्ही डीएनए वाचून चोवीस तासांत सांगतो.

अडचण एवढीच की हे धागे सापडले ती जागा चालली होती. बंदरामागच्या दलदलीत एक जुनी मोरी होती, जमिनीखालून जाणारा दगडी बोगदा, माणूस वाकून जाईल एवढा. भरतीचं पाणी तिच्यातून आत येई, ओहोटीला बाहेर पडे. आत पानं सडत, त्या सडक्या चिखलातून सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू निघे आणि त्या वायूवर हे धागे जगत. आसपास दुसरीकडे कुठेही ते सापडले नव्हते. आणि गेले दोन महिने बंदराचं आवार वाढवण्यासाठी त्या दलदलीत दगडमातीचा भराव पडत होता. मोरीचं खाडीकडचं तोंड बुजलं होतं. दुसरं गुरुवारी दुपारी बुजायचं होतं.

बाई म्हणाल्या, "जिवंत धागे आण. त्या संस्थेचा एका ओळीचा दाखला मिळाला, तरी मी भराव थांबवून दाखवते. पण चित्रांवर आणि मेलेल्या धाग्यांवर कोणी ट्रक थांबवत नाही."

सोमवारी सकाळी ती आणि बाबा मोरीवर गेले. दलदलीत उतरायचं तर बाबांशिवाय तिने कोणावर भरवसा ठेवला नसता. सात-आठ वर्षांची होती तेव्हापासून ते तिला खेकडे गोळा करायला इथे आणत. चिखलाचा एकच नियम त्यांनी तिला शिकवला होता: वास येतोय तोवर भिऊ नको. वास यायचा थांबला की मागे न बघता वर ये. पुढे कॉलेजात तिला कारण कळलं. तो वायू थोडा असला की नाकाला झोंबतो. फार झाला की आधी नाकच मारतो आणि मग माणसाला. बाबांना त्याचं रासायनिक सूत्र माहीत नव्हतं. नियम माहीत होता.

कमरेला दोर बांधून ती आत गेली. दुसरं टोक बाबांनी धरलं. दर मिनिटाला ते दोर एकदा ओढत, ती दोनदा ओढून जिवंत असल्याचं कळवी. आत श्वास कोंडत होता, पण वास येत होता, चांगला डोळ्यांत पाणी आणणारा. अकरा पानं, मोजून चाळीसेक धागे. बाहेर आली तेव्हा ती नाक चिमटीत धरून हसत होती.

"बाबा, आज नाक जळून गेलं माझं."

बाबा दोर गुंडाळत होते. "हो? मला तर आज चिखलाला वासच नाही वाटला."

"तुमचं नाक मुरलेलं."

"तुझं कोरं आहे, पंडित," ते म्हणाले. ती प्रत्येक गोष्टीचं कारण विचारी म्हणून लहानपणापासून ते तिला पंडित म्हणत. "वापर जपून."

प्रयोगशाळेत पोचते न पोचते तोच बाईंनी तिला हाक मारली. पार्सलची सोय मंगळवारी सकाळी होणार होती, आणि आत्ताच्या आत्ता बंदराच्या कचेरीत जाऊन भराव थांबवण्याचा अर्ज द्यायचा होता. ती बाटली घेऊन नमुनाघरात धावली.

"बाबा, ही माझी बाटली. उद्या सकाळपर्यंत जपून ठेवा. अगदी जिवापाड."

"हे काय सांगायचं झालं?" बाबांनी बाटली दोन्ही हातांत घेतली. उजेडासमोर धरून पाहिली. "यांच्यासाठी सगळा आटापिटा होय? काही म्हण, देखणे आहेत."

कचेरीत तिला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. 'साहेब जेवायला गेलेत'पासून 'साहेब आता निघाले'पर्यंत सगळं ऐकून ती घरी आली.

मंगळवारी सकाळी नमुनाघराच्या टेबलावर तिची बाटली तिची वाट पाहत होती. गढूळ पाणी जाऊन नितळ, काचेसारखं पाणी आलं होतं. झाकणाला लाल लाख होती, कुठेही ओघळ नसलेली. चिठ्ठीवर बाबांचं सर्वात चांगलं अक्षर होतं: तारीख, जागा, खाली 'पांढरे धागे, पानासह'. ते काम इतकं सुबक होतं की क्षणभर तिला काही कळलंच नाही. मग तिने बाटली हलवली. धागे डुलले नाहीत. काड्यांसारखे ताठ उभे राहिले.

तिने लाख फोडली. झाकण उघडताच नाकात सुई गेल्यासारखं झालं.

"बाबा, काय केलंत हे?"

बाबा चहाचा कप घेऊन येत होते. तिच्यासाठीच. "का? जपले ना. रात्री उतरतील म्हणून कालच जपले. एकही तुटू दिला नाही, चिमट्याने एकेक..."

 तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, काल तिने काय सांगितलं होतं. नमुनाघरात 'जपणे' या शब्दाला चौतीस वर्षं एकच अर्थ होता. साप जपला. वासरू जपलं. "हा मासा जपायचाय की टाकायचाय?" असं बाबा विचारत, आणि जपायचा म्हटलं की तो फॉर्मेलिनमध्ये जाई. लहानपणी तीसुद्धा मेलेली फुलपाखरं घेऊन त्यांच्याकडे येई आणि म्हणे, बाबा, हे जपा. शब्द त्यांनीच तिला शिकवला होता. बाहेरच्या जगात जाऊन ती तो विसरली होती.

"जिवंत हवे होते बाबा. जिवंत! फॉर्मेलिनने डीएनएचा चुराडा होतो. आता काही वाचता येणार नाही यातून. काही म्हणजे काही नाही."

"तू म्हणालीस..."

"मी जिवापाड म्हणाले होते!"

बाबांनी कप टेबलावर ठेवला. बाटली ओढून घेतली, झाकण काढलेल्या तोंडावर वाकले आणि आत पाहत राहिले. फार वेळ, फार जवळून. एवढ्या जवळून की दुसऱ्या कोणाचे डोळे वाहायला लागले असते. "दुसऱ्या पाण्यात घातले तर?" त्यांनी विचारलं.

तिथे तिची जीभ घसरली. "चौतीस वर्षं मढ्यांमध्ये काढलीत तुम्ही. जिवंत कशाला म्हणतात तेच विसरलात."

 बाबांनी झाकण लावलं, मोडलेल्या लाखेचे तुकडे बोटाने गोळा केले आणि तळहातावर घेऊन उभे राहिले, ते कुठे टाकायचे हे सुचत नसल्यासारखे.

त्या दिवशीची ओहोटी तोवर टळली होती. बुधवारी भरावाच्या जागेभोवती कुंपण घातलं गेलं आणि लेखी परवानगीशिवाय आत सोडणं बंद झालं. तिने उभा दिवस कचेरीत घालवून चिठ्ठी मिळवली: गुरुवार, सकाळी अकरा, फक्त एक तास. घरी आली तेव्हा बाबा समोरच बसले होते. "मिळाली?" त्यांनी विचारलं. ती "हो" म्हणून आत गेली. दोन दिवसांत ती त्यांच्याशी बोललेला तो एकच शब्द.

गुरुवारी ती दहाच्या सुमारास निघायच्या तयारीला लागली. स्वयंपाकघरात आत्या करपलेलं पातेलं घासत होती. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आई गेल्यापासून घर तिच्याच तोंडावर चालत होतं.

"बाबा कुठायत?"

"गेला नऊलाच. कामावर." आत्याने पातेल्यावर राग काढला. "बघ, दुधाचा कोळसा केला तुझ्या बापाने. गॅसपाशी खुर्ची टाकून बसलाय आणि दूध उतू जाऊन करपलं तरी पत्ता नाही. मी माडीवरून धावत आले वासाने. म्हटलं, नाक आहे का नुसतं चष्मा ठेवायला खुंटी लावलीय?"

ती पिशवी तपासत होती. बाटल्या होत्या, चिमटा होता. मोठ्या तोंडाची बाटली एक कमी होती. दोर नव्हता. पुस्तकात ठेवलेली कचेरीची चिठ्ठी नव्हती.

"आत्या," ती हळू म्हणाली, "बाबांना वास येत नाही का?"

आत्याचा घासणारा हात थांबला. ते पुरेसं होतं.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील. त्या औषधाने मेलंय नाक, दुसरं काय. मला शपथ घातली त्याने. म्हणाला, नाक गेलं कळलं तर नमुनाघरातून काढतील, एक वर्ष राहिलंय तेवढं जाऊ दे. आणि तुला तर सांगूच नको म्हणाला. तुझ्यासमोर..." आत्याने पातेलं खाली ठेवलं. "अगं, झालं काय? अशी पांढरी का पडलीस?"

ती चपला न घालता पळाली.

बंदरामागचा रस्ता धावत पंधरा मिनिटांचा. पळताना तिच्या डोक्यात नियमाची ती दोन वाक्यं उलटसुलट फिरत होती. वास येतोय तोवर भिऊ नको. वास थांबला की वर ये. ज्याला येतच नाही त्याचा थांबणार कुठून? आणि सोमवारी मोरीच्या खाडीकडच्या तोंडाशी निदान फटी होत्या. त्यावर तीन दिवस ट्रक रिते होत होते.

कुंपणाशी भरावाचा मुकादम उभा होता. दांडगा, उन्हाने रापलेला माणूस. तिला पाहून तो हसला. "तुम्ही पण? ते म्हणाले, मुलीची वस्तू राहिलीय आत, पाच मिनिटांत येतो. चिठ्ठी होती त्यांच्याकडे. अकराची होती, पण म्हटलं वयस्क माणूस आहे, कशाला ताटकळत ठेवा."

"किती वेळ झाला?"

"होईल की अर्धा..." मुकादमाचं हसू मावळलं. "दोर धरतो म्हटलं मी. तर म्हणाले, तुम्हाला सवय नाही. खुंटीला बांधून गेले."

दोर खुंटीला बांधलेला होता. बाबांची गाठ, नेहमीची, दुहेरी. तिने दोर एकदा ओढला आणि थांबली. आतून दोन ओढी यायला हव्या होत्या. तिने पुन्हा ओढला.

ती तोंडाशी वाकली. "बाबा!"

दगडांनी तिचाच आवाज तिला परत दिला. वास भपकन अंगावर आला, डोळे चुरचुरले. ती आत शिरली. एक पाऊल, दोन. पुढे अंधारात पाण्याशी काहीतरी फिकट दिसत होतं, सदरा असावा. सहा-सात हातांवर. तिसऱ्या पावलाला वास थांबला.

एकदम. दिवा मालवावा तसा. हवा स्वच्छ वाटली, गोडसर, पहाटेसारखी. डोकं हलकं झालं. अजून चार पावलं आणि सदरा हाताला लागला असता.

ती मागे न बघता वर आली.

बाहेर येऊन गुडघ्यांवर पडली, ओकली आणि ओरडली, "ओढा! दोर ओढा! आत कोणी जाऊ नका!" मुकादमाने चार माणसं बोलावली. दोर ताणला, अडकला, पुन्हा ताणला. बाबा पाठीवर, पाय पुढे, असे बाहेर आले. चेहऱ्यावर चिखलाचा थेंब नव्हता. मुकादमाने छाती दाबून पाहिली, तोंडाने हवा दिली, बराच वेळ. मग तो बाजूला झाला आणि डोक्याचा रुमाल काढून हातात धरून उभा राहिला.

सदऱ्याच्या आत, पोटाशी, बाटली होती. झाकण घट्ट बसवलेलं. आत गढूळ पाणी, काळी पानं, आणि पानांवर पांढरे धागे, बाटलीबरोबर सावकाश डुलणारे. चिठ्ठी पेन्सिलने लिहिलेली होती, कारण शाई ओल्यात टिकत नाही हे त्यांना माहीत होतं. अक्षर घरी बसून, सकाळीच काढलेलं असणार. तारीख. जागा. आणि खाली:

'जपलेले नाहीत. जिवंत आहेत.'

दुपारी इस्पितळाच्या बाकावर ती बाटली मांडीवर घेऊन बसली होती. आत्या शेजारी होती. आत्या रडत नव्हती. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती. बाई आल्या आणि समोर उभ्या राहिल्या. बाटलीकडे त्यांनी पाहिलं नाही, न पाहण्यासाठी त्यांना बरेच कष्ट पडत होते.

"पाणी तापतंय," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत नाही टिकणार."

"राहू दे गं आता ते," बाई म्हणाल्या.

"का राहू दे?" आत्या फटकन बोलली. "माझा भाऊ काय फिरायला गेला होता तिथे? घेऊन जा तुम्ही. आणि तू ऊठ, दे त्यांना. अशी कवटाळून बसलीस तर तेही मरतील."

तिने बाटली दिली.

मोठ्या संस्थेने शब्द पाळला. शनिवारी एका ओळीचा दाखला आला: जिवाणूच आहे, एकपेशी, आजवर पाहिलेल्यांत सर्वात मोठ्यांपैकी. बाई तो घेऊन स्वतः बंदराच्या कचेरीत गेल्या. साहेब जागेवर होते. त्यांनी दाखला दोनदा वाचला, हळहळले आणि म्हणाले की चार दिवस आधी आला असता तर नक्की विचार केला असता. मोरी आता उरली नव्हती. आत माणूस दगावल्यामुळे धोकादायक ठरवून त्यांनी ती गुरुवारी संध्याकाळीच, दुपारचं राहिलेलं काम म्हणून, काँक्रीट ओतून बंद केली होती. मुकादमानेच अर्ज केला होता. "अजून कोणाचा बाप जायला नको," असं तो म्हणाला होता, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं.

पाठवून उरलेले चौदा धागे तिने टेबलावर ठेवले. मोरीतल्यासारखं पाणी करून पाहिलं, वायू सोडून पाहिला, अंधार करून पाहिला. ते वाढले नाहीत. दर सकाळी एखाद-दुसरा पानावरून सुटून तळाशी पडलेला असे. लांबून लोक पाहायला येत. सूक्ष्मदर्शक लावू का विचारलं की बाई म्हणत, "नको. तसेच बघा. डोळ्यांनी." एका पाहुण्याने विचारलं, हा शोध कसा लागला? बाई तिच्याकडे बघू लागल्या. ती म्हणाली, "चाळणीवर राहिला होता," आणि उठून गेली.

अकराव्या दिवशी एकच धागा उभा होता.

ती बाटली घेऊन तळमजल्यावर आली. नमुनाघराला नवा माणूस अजून मिळाला नव्हता. बाबांचा डगला खुंटीवर होता, स्टूल टेबलाखाली सरकवलेलं, लाखेची कांडी कागदात गुंडाळलेली. वासरू दोन्ही डोक्यांनी तिच्याकडे पाहत होतं.

तिने पान चिमट्याने उचललं आणि लहान बरणीत सोडलं. फॉर्मेलिन ओतलं, बाबा ओतत तसं, काचेच्या कडेने, धार न पाडता. धागा एकदा डुलला आणि ताठ झाला. लाख पातळ केली. तिचा हात त्यांच्यासारखा नव्हता. एका बाजूला ओघळ आला. चिठ्ठीवर तिने तारीख लिहिली, जागा लिहिली. 'गोळा करणारा' या शब्दापुढे त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, जे संस्थेत कोणी कधी घेतलं नव्हतं.

मग बरणी कानाशी हलवून, उजेडासमोर धरून, बाबा करत तसं सगळं करून झाल्यावर, ती शेवटचं काम करायला झाकणावर वाकली. फट राहिली आहे का हे बघायला नाकच लागतं.

ओघळाच्या बाजूला राहिली होती. वास आला, झोंबला, डोळ्यांतून पाणी घळघळ वाहू लागलं. तिने मान मागे घेतली नाही.

येत होता. अजून येत होता.